सुपरकार चालवणाऱ्यांना आणि तिच्यामागे धावणाऱ्यांना

आयुष्य फौंड्रीच्या भट्टीसमोर गेलेल्या माणसानं मॅक्लारेन आर्टुरा घेतली, की लोक दोनच गोष्टी विचारतात. केवढ्याला पडली आणि किती पळते. दोन्हींत लपवण्यासारखं काही नाही. २०२३ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५ कोटी १० लाख रुपये होती, आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे ती ताशी ३३० किलोमीटरपर्यंत जाते. पण कोल्हापूरच्या रस्त्यांवर ती चालवायला लागल्यापासून मला जे सांगावंसं वाटतंय, ते या दोन आकड्यांत कुठंच येत नाही. अशा गाड्या आता मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे त्या दिसू लागल्या आहेत. त्यांच्यामागे मोबाइल घेऊन धावणारी पोरंही तितकीच वाढली आहेत. मला दोघांशी बोलायचंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ही गाडी चालवायला फार सोपी आहे. ऐकायला हे कौतुक वाटेल, पण मी ते इशारा म्हणून सांगतोय.

दार वरच्या बाजूला उघडतं, आत बसताना बऱ्यापैकी खाली उतरावं लागतं, एवढीच काय ती अडचण. बटण दाबलं की आवाजच येत नाही. गाडी सुरू होते ती विजेवर. ९५ अश्वशक्तीची एक मोटर गिअरबॉक्समध्ये बसवलेली आहे आणि पेट्रोलचं इंजिन न जागवता तेवढ्यावर गाडी ताशी १३० पर्यंत जाऊ शकते. मागे घ्यायची तीसुद्धा या मोटरवरच, कारण गिअरबॉक्सला रिव्हर्स गिअर ठेवलेलाच नाही; मोटर उलटी फिरते आणि गाडी मागे येते. क्लचचं पेडल नाही, गिअर टाकायचं काम नाही. स्टिअरिंग हलकं आहे, तरी रस्त्याची खडी न् खडी हाताला कळते. कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतून ती एखाद्या घरगुती ऑटोमॅटिक गाडीसारखी निमूट निघते. पहिल्याच दिवशी मनात येतं, की हे तर आपल्याला जमतंय.

मग हायवे लागतो आणि पाठीमागचं इंजिन जागं होतं. २,९९३ सीसी, सहा सिलिंडर, दोन टर्बो. त्याचे ५८५ आणि मोटरचे ९५, मिळून ६८० अश्वशक्ती. गाडीचं वजन मात्र दीड टनाच्या आसपास. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीचं वजनही जवळपास तेवढंच भरतं, आणि तिची ताकद असते ११५ ते १६० अश्वशक्ती. यावरून अंदाज करा. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० गाठायला हिला ३ सेकंद लागतात, २०० गाठायला ८.३. एक वाक्य सावकाश बोलून होईपर्यंत तुम्ही देशातल्या कुठल्याही रस्त्याची वेगमर्यादा मोडलेली असते.

आणि हे होताना काहीच जाणवत नाही, ही खरी भीतीची बाब आहे. जुन्या गाडीत ऐंशीच्या पुढे गेलं की पत्रा वाजायचा, स्टिअरिंग थरथरायचं, शेजारी बसलेली मंडळी गप्प व्हायची. ती थरथर म्हणजे धोक्याची सूचना होती. या गाडीत १०० ला साठ असल्यासारखं वाटतं. छातीवर पहिला दाब आला की मजा येते, दुसऱ्यांदा आला की सवय होते, आणि नंतर डोळे समोरच्या स्क्रीनकडे गेले तरच आकडा कळतो. शरीराला वेग कळेनासा होतो. म्हणून नव्या मालकांना माझं पहिलं सांगणं हे, की सुरुवातीचे काही महिने आपल्या अंदाजावर अजिबात विसंबू नका. आकडा बघा. गाडीत वेगमर्यादेची सूचना लावता येते, ती लावा आणि काढू नका.

याच कंपनीची १९९२ सालची एफ-वन ही गाडी आठवा. ताकद सुमारे ६२७ अश्वशक्ती, म्हणजे माझ्या गाडीपेक्षा थोडी कमीच. तिच्यात एबीएस नव्हतं, ट्रॅक्शन कंट्रोल नव्हतं, स्टिअरिंगला पॉवरची मदतही नव्हती. चालवणाऱ्याला ती धाकात ठेवायची, आणि ज्याला धाक वाटत नव्हता त्याला महागात पडायची. तीस वर्षांत ताकद तशीच राहिली आणि धाक गेला. आज संगणक दर क्षणाला चाकांचा हिशेब करतो, घसरणारं चाक सावरतो, वळणात मागचा भाग सुटू देत नाही. चालवणाऱ्याला वाटतं, हे सगळं आपलं कसब. तसं नसतं. तालमीत आलेल्या पोराला वस्ताद आधी जोर-बैठका आणि मातीची ओळख करून देतो, पहिल्याच दिवशी फडात उतरवत नाही. इथं वस्तादच नाही. किल्ली हातात आली की माणूस थेट फडात उतरतो.

संगणकाला एक गोष्ट कधीच जमणार नाही. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जेवढी पकड आहे, तिच्यापेक्षा जास्त पकड तो आणू शकत नाही. नव्या टायरला तर सुरुवातीला पकड कमीच असते. साच्यातून टायर सुटून यावा म्हणून जे द्रव्य लावतात, त्याचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असतो. फौंड्रीतल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. पहिले काही शे किलोमीटर तो अंश झिजून जाऊ द्यायचा. सिरॅमिकचे ब्रेक बसायलाही वेळ लागतो, इंजिनलाही रनिंग-इनचा टप्पा असतो. पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. वाचा.

ब्रेकचा हिशेब मी इथं जरा सविस्तर मांडतो, कारण तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे, अल्टो चालवणाऱ्याच्याही. ही गाडी ताशी १०० वरून साधारण ३१ मीटरमध्ये थांबते. २०० वरून थांबायला तिला सव्वाशे मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, अंतर चौपट झालं. हे या गाडीचं वैशिष्ट्य नाही, कुठल्याही गाडीचं असंच असतं. आणि हा आकडा ब्रेकवर पाय पडल्यानंतरचा आहे. समोर म्हैस दिसली, डोळ्यांनी टिपली, मेंदूला कळलं आणि पाय हलला, यात एक सेकंद तरी जातो. १०० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते, २०० च्या वेगात ५५-५६. म्हणजे २०० ला म्हैस दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण १८० मीटर. रात्री साध्या डिपर लाइटमध्ये तेवढं लांबचं दिसतच नाही. जगातले सगळ्यात भारी ब्रेक लावले तरी हे गणित बदलत नाही.

याची दुसरी बाजू नव्या मालकांच्या लक्षात येत नाही. तुमची गाडी ३१ मीटरमध्ये थांबते, पण मागून येणारा मालानं भरलेला ट्रक थांबत नाही. त्याला त्याहून कितीतरी जास्त अंतर लागतं. आपण झटकन वेग घ्यायचा, त्याच्यापुढे घुसायचं आणि गतिरोधक दिसला की करकचून ब्रेक मारायचा, हा त्या ट्रक ड्रायव्हरवर अन्याय आहे. तो बिचारा काय करणार? त्यात आपली गाडी उंचीला १ मीटर २० सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. ट्रकच्या केबिनमधून डाव्या बाजूला अशी गाडी दिसतच नाही. मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसल्याशिवाय त्याच्या बाजूला जायचं नाही. मला तो दिसला, तरच त्याला मी दिसण्याची शक्यता.

आता आमच्या भागाचं म्हणून एक. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि गळीत हंगाम सुरू होतो. त्यानंतरचे चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या रस्त्यांवर रात्रीच्या वेळी वेगानं गाडी चालवणं म्हणजे कुणाच्या तरी जिवावर उठणं आहे. उसानं भरलेले दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. बैलगाड्या तर अंधारातून एकदम समोर येतात. रस्त्यावर ऊस पडलेला, शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांची माती डांबरावर आलेली. ट्रॅक्टर मालकांनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो, रिफ्लेक्टर पट्टी काही रुपयांची असते. साखर कारखान्यांनी ती लावल्याशिवाय ट्रेलर वजनकाट्यावर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पट्टी नसली म्हणून धडक देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. बैलगाडीवर झोपलेला माणूस बीडहून सहा महिन्यांसाठी कुटुंब घेऊन आलेला असतो. आपण हौस म्हणून रस्त्यावर आलेलो असतो. हौसेनं पोटापुढे थांबायला शिकलं पाहिजे.

पावसाबद्दल थोडक्यात. आर्टुराची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर जाते आणि मागचे टायर २९५ मिलिमीटर रुंद आहेत. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर छान धरतो, साचलेल्या पाण्यावर मात्र अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. आंबोली, गगनबावडा, फोंडा हे घाट जून ते सप्टेंबर धुक्यात आणि पाण्यात असतात. त्या दिवसांत ही गाडी घरी ठेवावी. गोव्याला जायचंच असेल तर दुसऱ्या गाडीनं जावं. मला यावर वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

आणि आता पोरांशी.

माझी गाडी हायवेला लागली, की पाच मिनिटांत मागे एक मोटारसायकल येते. मग दोन, मग चार. एकानं हँडल धरलेलं, दुसरा मागे बसून मोबाइल उंच धरून शूटिंग करतोय. कधी चालवणाऱ्याच्याच एका हातात मोबाइल असतो. डोक्यावर हेल्मेट नाही. शेजारी येऊन ओरडतात, "काका, रेस द्या की!" "एकदा आवाज काढा की!" त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून कुणालाही वाटेल, द्यावी एकदा रेस. मी देत नाही, आणि माझ्यासारख्या कुणीही देऊ नये, कारण पुढचं चित्र मला स्पष्ट दिसतं. मी रेस दिली की हे पोरगंही ॲक्सिलरेटर पिळणार. माझ्या गाडीला चार रुंद टायर, सीटबेल्ट, एअरबॅग आणि कार्बनची चौकट आहे. त्याच्याकडे एक टी-शर्ट आहे. मी तीन सेकंदांत निघून जाईन, तो मात्र माझ्या मागे येण्याच्या नादात पुढच्या डिव्हायडरच्या फटीतून उलट्या दिशेनं येणाऱ्या टेंपोला धडकेल. पेपरात बातमी येईल मोटारसायकलच्या अपघाताची. माझं नाव त्यात कुठंच नसेल, पण कारण मी असेन.

रस्त्यावर ही गाडी जेवढी धोकादायक आहे, त्याहून जास्त धोका तिच्याभोवती जमणाऱ्या कौतुकात आहे. सुपरकार घेताना हे कुणी सांगत नाही. विक्रेते ताकद सांगतात, रंग दाखवतात, शिलाईच्या धाग्याचा रंग विचारतात. रस्त्यावरच्या अठरा वर्षांच्या पोरावर तुमच्या गाडीचा काय परिणाम होतो, ते तुम्हाला स्वतःलाच शिकावं लागतं. मी काय करतो ते सांगतो. मागे मोटारसायकली लागल्या की मी वेग कमी करतो. खूपच कमी, इतका की त्यांना कंटाळा यावा. नाहीच गेल्या तर पुढच्या पेट्रोल पंपावर नाहीतर हॉटेलवर गाडी आत घेतो, उतरतो आणि त्यांना बोलावतो. दारं उघडून देतो, आत बसायला सांगतो, हवे तेवढे फोटो काढू देतो. इंजिन कुठं आहे, मोटर कुठं आहे, ते दाखवतो. आयटीआयला जाणारी पोरं असली तर ती जे प्रश्न विचारतात ते ऐकून मन भरून येतं. चार्ज व्हायला किती वेळ लागतो, ब्रेक मारल्यावर बॅटरी भरते का? नाही भरत, या गाडीत ब्रेकवर चार्जिंगची सोय ठेवलेली नाही, हे सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, का नाही ठेवली? अशी पोरं रस्त्यावर एका व्हिडिओपायी मरावीत, हे मला सहन होण्यासारखं नाही. मालकांनी दहा मिनिटं खर्च करावीत. त्या दहा मिनिटांत एखादा जीव वाचतो.

गल्लीत मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. विजेवर चालताना इंजिनाचा आवाज येत नाही. पहाटे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही हे चांगलंच, पण दारात खेळणाऱ्या लहान मुलांना आणि पाठमोऱ्या चालणाऱ्या आजोबांनाही ती कळत नाही. लोक अशा गाडीच्या आवाजाची अपेक्षा करतात, आणि आवाज आला नाही म्हणजे गाडी नाही असं धरून चालतात. गल्लीत चालणाऱ्या माणसाच्याच वेगानं जावं.

घरातल्या पोरांविषयी बोलताना मला आवाज चढवावासा वाटतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण आयटी अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. त्यानंतर लोकांचा जो राग उसळला, तो मला रास्त वाटतो. महागडी गाडी दिसली की आजही काही नजरांत तो राग असतो, आणि तो आपण मालकांनीच वागणुकीनं कमी करायचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेलं कलम १९९-अ प्रत्येक बापानं वाचावं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पण कायदा बाजूला ठेवा. अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळालं म्हणून मुलगा ६८० अश्वशक्तीला तयार झाला, असं होत नाही. माझ्या घरात या गाडीची किल्ली फक्त माझ्याकडे असते. मित्राला "एक राउंड मार" म्हणून किल्ली द्यायची आपल्याकडची रीत प्रेमाची आहे, पण या गाडीच्या बाबतीत ती सोडा. वाईट वाटेल त्याला. वाटू द्या. शेजारच्या सीटवर बसवून फिरवून आणा.

मग ही ताकद वापरायची कुठं? ट्रॅकवर. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. आपल्याकडून लांब पडतात, हे खरं. गाडी ट्रेलरवर घालून न्यावी लागते, खर्च येतो. ज्यानं पाच कोटींची गाडी घेतली, त्यानं खर्चाची तक्रार करू नये. तिथं समोरून कुणी येत नाही, वळणाबाहेर सुटायला मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते आणि शिकवणारा माणूस शेजारी बसतो. गाडीचं खरं रूप तिथंच दिसतं. समृद्धी महामार्ग म्हणजे ट्रॅक नाही. तिथली मर्यादा ताशी १२० आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १००, घाटात त्याहून कमी. सरळ रस्ता बघून कुणाला मोह होत असेल, तर त्यानं हे लक्षात ठेवावं, की त्याच सरळ रस्त्यावर दुसऱ्या लेनमध्ये कुणी तरी लहान बाळाला घेऊन माहेरी निघालेलं असतं.

किरकोळ म्हणून एक-दोन गोष्टी. स्टेपनी नसते, त्यामुळे खड्ड्यात टायर फाटला की गाडी उचलूनच न्यावी लागते. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासा. गतिरोधकापाशी पुढचा भाग उचलायचं बटण आहे, ते दाबून गाडी वर यायला काही क्षण लागतात, तोवर मागच्यांना इंडिकेटर देऊन ठेवा. सायलेन्सर बदलू नका.

ही गाडी मला मनापासून आवडते. वयाच्या या टप्प्यावर, घामानं कमावलेल्या पैशांतून ती घेतली, त्याचा मला अभिमान आहे. ओतकामात आयुष्य गेलेल्या माणसाला असं यंत्र हातात धरायला मिळणं हा आनंद आहे, आणि तो ऐंशीच्या वेगात रत्तीभरही कमी होत नाही. मालकांनो, ऐंशीनं चालवून बघा. आणि पोरांनो, गाडी कुठं उभी दिसली तर हक्कानं हाक मारा, आत बसा, फोटो काढा, विचारायचं ते विचारा. पण चालत्या गाडीच्या मागे मोबाइल धरून येऊ नका, आणि येणार असाल त्या दिवशी आधी डोक्यावर हेल्मेट घाला.